संगणकाला खरेच विषाणू लागला आहे का?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शिक्षकांच्या घरच्या संगणकाला उसंत नसते. बहुतेक शाळांत १ मे रोजी निकाल लावायचा असतो. गुणपत्रके, प्रगतिपुस्तकांतील नोंदी, हजेरीचा गोषवारा हे सारे शाळेच्या संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्हमधून घरी, घरून झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी आणि तेथून परत शाळेत असे हिंडत असते. धुळे जिल्ह्यातील नरडाण्यासारखे गाव डोळ्यांसमोर आणा. मुंबई-आग्रा महामार्ग जवळ, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन, शेजारी औद्योगिक वसाहत. पण संगणकाचा जाणकार हवा तर बहुधा धुळ्याला किंवा शिरपूरला फोन करायचा आणि तो कधी येईल याची वाट पाहायची. अशात एखाद्या संध्याकाळी पेनड्राइव्ह उघडावा, तर 'इयत्ता आठवी' या फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण दिसतो. आत जावे तर काहीतरी क्षणभर चमकून जाते. किंवा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' अशी पाटी झळकते. निकालाला तीन दिवस उरले आहेत. काय करावे?

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'सरळ फॉरमॅट मारा.' दुसरा, 'आणखी एक अँटिव्हायरस टाका.' दोन्ही सल्ले देणाऱ्याने संगणकाची नाडी पाहिलेली नसते. पहिल्या सल्ल्याने वर्षभराचे काम पुसले जाऊ शकते. दुसऱ्याने एकाच संगणकावर दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजू लागतात आणि आधीच मंद असलेला संगणक जवळजवळ थांबतो. आजार कोणता हे ठरल्यावाचून औषध नको, हा वैद्यकातला साधा नियम येथेही लागू आहे. हे ठरवणे विज्ञान शिकवणाऱ्याला अवघड नाही. लागते ती प्रयोगशाळेतली शिस्त: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय केले आणि काय दिसले ते वहीत लिहायचे, आणि जे दिसते त्याला दुसरे कारण असू शकेल का, हे स्वतःला विचारत राहायचे.

प्रत्येक आजार विषाणूचा नसतो

आधी दुसऱ्या कारणांकडेच पाहू, कारण 'व्हायरस आलाय' म्हणून दाखवलेल्या कित्येक संगणकांचे दुखणे वेगळेच असते.

खानदेशचा उन्हाळा घ्या. दुपारी बाहेर पारा चाळिशीच्या बराच वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट स्थिती असते. संगणकाच्या प्रक्रियकाला आपले तापमान ठरावीक मर्यादेत ठेवावे लागते. ही मर्यादा साधारणपणे ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिच्या जवळ पोचला की तो स्वतःचा वेग आपोआप कमी करतो, तरी भागले नाही तर संगणक बंद होतो. पंख्याच्या पात्यांवर आणि धातूच्या पंखांवर धुळीचा थर असेल तर हे लवकर घडते. म्हणजे दुपारी दोन वाजता संगणक रडतखडत चालतो आणि पहाटे पाचला तोच छान पळतो, असे असेल तर विषाणूपेक्षा ब्रशची आठवण करावी. हा प्रयोग सोपा आहे: तेच काम, तीच फाइल, दोन वेगळ्या वेळा, घड्याळ लावून.

दुसरा संशयित म्हणजे चकती, अर्थात हार्डडिस्क. जुन्या संगणकांत ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरत असते. तिचा एखादा भाग खराब झाला की तेथील मजकूर वाचण्यासाठी ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तोवर सगळा संगणक ताटकळतो. टक-टक असा आवाज येत असेल, विशिष्ट फाइल उघडतानाच सगळे गोठत असेल, तर संशय चकतीवर घ्यावा. येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. विषाणूची पूर्ण तपासणी म्हणजे चकतीवरची प्रत्येक फाइल वाचणे. मरणपंथाला लागलेल्या चकतीकडून हे तासन्‌तास करून घेतले तर तपासणी पूर्ण होण्याआधी ती दगा देऊ शकते. म्हणून अशा वेळी आधी कामाच्या फायलींची प्रत घ्यायची, तपासणी नंतर.

तिसरे कारण अगदी रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढे आहे. संगणकाच्या मुख्य पाटीवर ३ व्होल्टची एक चपटी बटणासारखी बॅटरी असते. वीज नसताना तारीख-वेळ सांभाळण्याचे काम ती करते. ती संपली आणि संगणकाचा वीजपुरवठा तुटला, की तो पुन्हा सुरू होताना कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीत जागा होतो. आता बँकेचे किंवा शाळेच्या कामाचे संकेतस्थळ उघडा: 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा लाल इशारा! असे का? प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे ओळखीचे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर कुठपासून कुठपर्यंत वैध हे लिहिलेले असते. संगणकाच्या घड्याळात अजून जुनेच साल चालू असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नाही. इशारा खरा आहे, पण दोष घड्याळाचा आहे. पडद्यावरची तारीख पाहायला दोन सेकंद लागतात. ती आधी पाहावी.

आणि ती '५ व्हायरस सापडले' ही पाटी? बहुतेक वेळा ती संगणकातल्या अँटिव्हायरसची नसतेच. एखाद्या संकेतस्थळाने कधीतरी विचारलेले असते, 'सूचना पाठवू का?' आणि घाईत कोणीतरी 'अलाउ' दाबलेले असते. त्या परवानगीच्या जोरावर ते संकेतस्थळ ब्राउझरमार्फत पडद्याच्या कोपऱ्यात हवे ते लिहू शकते. पाटी नीट वाचली तर तिच्यावर ब्राउझरचे नाव आणि त्या संकेतस्थळाचा पत्ता बारीक अक्षरांत सापडतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' येथे जाऊन परवानग्यांची यादी पाहावी आणि अनोळखी नावे काढून टाकावीत. संपले. पाटीवर टिचकी मात्र मारू नये. ती जेथे नेते तेथे खरा विषाणू गळ्यात मारला जाण्याची शक्यता असते. याचेच थोरले भावंड म्हणजे सगळा पडदा व्यापून, भोंगा वाजवत, 'या क्रमांकावर ताबडतोब फोन करा' असे सांगणारे पान. तेही एक वेबपानच असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझर बंद करावा, आणि पुन्हा उघडताना 'मागची पाने परत आणू का?' याला नाही म्हणावे. फोन अर्थातच करायचा नाही.

वाकड्या बाणाची गोष्ट

आता पेनड्राइव्हकडे वळू. येथे मात्र संशय पक्का आहे, आणि यामागची युक्ती समजून घेण्याजोगी आहे.

संगणक-विषाणूंचा प्रवास मुळातच हातातून हातात जाणाऱ्या चकत्यांवरून सुरू झाला. व्यक्तिगत संगणकांवर जगभर पसरलेला पहिला विषाणू 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला. त्यांनी त्यात स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरही घालून ठेवले होते! तो फ्लॉपीवरून पसरे. आपल्याकडेही फ्लॉप्या विषाणू घेऊन फिरत. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करणारे कैलाश काटकर यांच्याकडे येणाऱ्या यंत्रांत असे विषाणू वारंवार सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे छोटे छोटे कार्यक्रम लिहिले. त्यांतूनच १९९५ मध्ये 'क्विक हील' हे अँटिव्हायरस तयार झाले. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेले हे मराठी उदाहरण वर्गात सांगण्यासारखे आहे.

फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतली. विंडोजमध्ये तेव्हा एक सोय होती: पेनड्राइव्ह खोचला की त्यावरील 'ऑटोरन' नावाच्या छोट्या फाइलमधील सूचना वाचून संगणक पुढची कृती सुचवी किंवा आपणहून करी. विषाणू लिहिणाऱ्यांना आणखी काय हवे? नोव्हेंबर २००८ पासून पसरलेल्या 'कॉनफिकर' या कृमीने जगभरातले लाखो संगणक पछाडले, त्यात पेनड्राइव्हचा हा दरवाजाही वापरला. शेवटी मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोजमध्ये पेनड्राइव्हपुरती ही सोय काढली, आणि २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांनाही तशी दुरुस्ती पाठवली.

यंत्र आपणहून दार उघडेना, तेव्हा माणसाकडून उघडवून घेणे भाग पडले. ते असे. विषाणू पेनड्राइव्हवरच्या खऱ्या फोल्डरला 'लपलेला' आणि 'यंत्रणेचा' असे दोन शिक्के मारतो. असे शिक्के असलेल्या गोष्टी विंडोज एरवी दाखवत नाही. मग तेच नाव आणि फोल्डरचेच चित्र असलेला एक शॉर्टकट तेथे ठेवतो. शॉर्टकट म्हणजे खरी वस्तू नव्हे, तर 'हे करा' अशी चिठ्ठी. या चिठ्ठीत दोन सूचना असतात: आधी विषाणूची लिपी चालवा, मग खरा फोल्डर उघडा. तुम्ही 'इयत्ता आठवी'वर टिचकी मारता, आतले गुण दिसतात, तुमचे समाधान होते. आणि तेवढ्यात पहिली सूचना अमलात आलेली असते. आता तुमच्या संगणकात तो बसला, आणि येथून पुढे खोचल्या जाणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हवर हेच करणार. काही प्रकारांत सगळा मजकूर नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये हलवलेला असतो. तो पाहून माणूस घाबरतो, पण फायली तेथेच असतात.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली दिलासा देणारी: निकाल पुसला गेलेला नाही, फक्त झाकला गेला आहे. विंडोजच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपलेल्या वस्तू दाखवायला सांगावे, आणि फोल्डर ऑप्शन्समधील 'यंत्रणेच्या संरक्षित फायली लपवा' ही खूण तेवढ्यापुरती काढावी, की खरे फोल्डर फिकट रंगात दिसू लागतात. तेथेच शेजारी 'माहीत असलेल्या प्रकारांची शेपटी लपवा' अशी एक खूण असते, तीही कायमची काढून टाकावी असे आमचे मत आहे. या खुणेमुळे 'निकाल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल 'निकाल डॉट पीडीएफ' अशी साळसूद दिसते. ईएक्सई म्हणजे चालणारा कार्यक्रम. तो कागद नव्हे.

दुसरी गोष्ट कमी दिलाशाची. पेनड्राइव्हवरचे शॉर्टकट पुसले म्हणजे आजार बरा झाला, असे नाही. पेनड्राइव्ह हा डास आहे. ताप संगणकाला आहे.

पण कोणत्या संगणकाला? शाळेच्या, घरच्या, की दुकानातल्या? तिन्हीकडे पेनड्राइव्ह फिरला आहे. येथे एक छान नियंत्रित प्रयोग करता येतो. दोन रिकामे पेनड्राइव्ह घ्या. दोन्हींवर 'अ' आणि 'ब' नावाचे दोन फोल्डर, त्यांत एकेक बिनमहत्त्वाची फाइल. पहिला पेनड्राइव्ह संशयित संगणकात खोचून पाच मिनिटे ठेवा. दुसरा, खात्रीच्या चांगल्या संगणकात तेवढाच वेळ ठेवा. मग दोन्ही पेनड्राइव्ह ओटीजी जोडणी लावून मोबाइलवर पाहा. मोबाइलच का? कारण विंडोजसाठी लिहिलेली ती लिपी तेथे चालत नाही, आणि 'लपलेला' हा विंडोजचा शिक्का तेथे सहसा मानलाही जात नाही. त्यामुळे खरे फोल्डर आणि नकली शॉर्टकट शेजारी शेजारी दिसतात. लिनक्सचा संगणक असेल तर तोही चालेल. पहिल्यावर नवे पाहुणे आणि दुसरा जसाच्या तसा, असे असेल तर गुन्हेगार सापडला. दोन्ही स्वच्छ असतील तर एवढेच म्हणता येते की पेनड्राइव्हवर लिहिणारा प्रकार येथे नाही. दुसरा कोणताच नाही असे त्यातून सिद्ध होत नाही. विद्यार्थ्यांना 'नकारात्मक निष्कर्ष' समजावायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सुचत नाही. प्रयोगानंतर दोन्ही पेनड्राइव्ह मोबाइलवरच फॉरमॅट करून टाका.

आरोपीलाच विचारू नका

समजा, संशय घरच्या संगणकावर आला. आता तपासणी. येथे मुख्य अडचण अशी की संगणकाबद्दलचे प्रश्न आपण संगणकालाच विचारत असतो. 'कोणत्या फायली आहेत?' 'कोणते कार्यक्रम चालू आहेत?' या प्रश्नांची उत्तरे विंडोज देते. विषाणू विंडोजच्या पोटात शिरला असेल तर तो उत्तरच बदलू शकतो.

हे काल्पनिक नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजी या कंपनीच्या काही संगीताच्या सीडी संगणकात घातल्या की नक्कल रोखणारा एक कार्यक्रम गुपचूप बसत असे, आणि तो डॉलर-एसवायएस-डॉलर या अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल लपवून ठेवी. पुढे दुसऱ्या विषाणूंनी स्वतःला हेच नाव देऊन त्या पडद्याआड आसरा घेतला. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने तो पकडला. त्याच्या साधनाची रीत अशी: फायलींची यादी विंडोजकडून घ्यायची, तीच यादी चकती थेट वाचून बनवायची, आणि दोन्हींतला फरक पाहायचा. पटावर बेचाळीस मुले आणि बाकांवर चव्वेचाळीस डोकी, तर दोन कोण, हे शोधायलाच हवे.

यावरून तपासणीचे तत्त्व मिळते: संशयित विंडोज झोपलेली असताना बाहेरून तपासा. विंडोज १० आणि ११ मध्ये याची सोय आधीच आहे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधील 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये ऑफलाइन स्कॅन निवडावा. संगणक बंद होऊन एका वेगळ्या छोट्या वातावरणात सुरू होतो, साधारण पंधरा मिनिटे तपासतो आणि पुन्हा नेहमीसारखा उघडतो. सुरू करण्याआधी हातातले काम जतन करावे. काही नव्या संगणकांत चकती 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी किल्ली आधी शोधून वहीत लिहून ठेवावी, कारण ऐनवेळी ती मागितली जाऊ शकते. याहून पक्की रीत म्हणजे दुसऱ्या, चांगल्या संगणकावर अँटिव्हायरस कंपन्यांचा 'रेस्क्यू' पेनड्राइव्ह बनवणे आणि त्यावरून आपला संगणक सुरू करणे. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावरही विषाणू काढण्याची मोफत साधने आहेत. ती याच कामासाठी आहेत, तरी शाळांतून त्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही.

त्याआधी दोन गोष्टी मात्र व्हायला हव्यात. संशय येताक्षणी इंटरनेटची केबल काढा किंवा वाय-फाय बंद करा. बाहेरून हुकूम घेणारा किंवा आतली माहिती बाहेर पाठवणारा विषाणू असेल तर त्याचा धागा तेवढ्याने तुटतो. आणि त्या संगणकावर एकही पासवर्ड टाइप करू नका. कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून ठेवणारे विषाणू असतात. बँकेचा पासवर्ड 'खाते ठीक आहे ना' हे पाहण्यासाठी टाकला, आणि तोच पळवला गेला, असे होऊ नये.

बाहेरून तपासून झाल्यावर आत शिरायला हरकत नाही. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' हा कप्पा उघडा. संगणकाबरोबर आपोआप उठणाऱ्या कार्यक्रमांची ही यादी. विषाणूलाही रोज सकाळी उठावे लागते, म्हणून तो कोठेतरी अशा यादीत नाव नोंदवतोच. रुसिनोविचचेच 'ऑटोरन्स' हे मोफत साधन या सगळ्या जागा एकत्र दाखवते. नावे वाचताना परीक्षेतल्या तोतया विद्यार्थ्याला पकडतो तसे बघावे. 'एसव्हीसीहोस्ट' हे विंडोजचे खरे कार्यक्रम-नाव. 'एससीव्हीहोस्ट' असे अक्षर इकडचे तिकडे केलेले दिसले तर थांबा. नाव बरोबर असले तरी पत्ता पाहा. खरा कार्यक्रम विंडोजच्या 'सिस्टम ३२' या फोल्डरात राहतो. त्याच नावाचा दुसरा कोणी 'टेम्प'मध्ये किंवा 'ॲपडेटा'मध्ये राहत असेल तर तो तोतया. अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच पुसू नका. आधी 'डिसेबल' करा, वहीत लिहा, संगणक पुन्हा सुरू करा, काय बदलले ते पाहा. एकाच दमात दहा गोष्टी बंद केल्या तर कोणत्या गोळीने गुण आला हे कधीच कळणार नाही. ब्राउझरच्या 'एक्स्टेन्शन्स'ची यादीही अशीच वाचावी.

पैसे वाचवण्यासाठी फुकटात 'ॲक्टिव्हेट' केलेली विंडोज असेल, तर आणखी एक प्रश्न विचारावा: ते ॲक्टिव्हेटर चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितले होते का? घराच्या कुलपाची नक्कल किल्ली बनवणाऱ्याने आधी कुत्रा बांधून ठेवायला सांगावे, तसला हा प्रकार. अशा संगणकावर साफसफाईत वेळ घालवण्यापेक्षा तो मुळापासून नव्याने उभा करावा. अधिकृत विंडोज परवडत नसेल तर लिनक्स आहे, आणि गुणपत्रके लिबर ऑफिसमध्येही होतात. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही लक्षात घ्यावे.

घानातली वीज गेली म्हणून

खंडणीखोर विषाणूची जात वेगळी. तो फायलींवर असे गणिती कुलूप घालतो की किल्लीशिवाय ते उघडणे जवळजवळ अशक्य, आणि किल्लीसाठी पैसे मागतो. फायलींची नावे बदललेली, कोणतीच उघडत नाही, आणि प्रत्येक फोल्डरात एक धमकीची चिठ्ठी, अशी याची लक्षणे. आपल्या राज्याला तो अपरिचित नाही. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे नरडाण्यासह राज्यभरच्या औद्योगिक वसाहती सांभाळणाऱ्या एमआयडीसीच्या, संगणक-व्यवस्थेला अशाच हल्ल्याने ठप्प केले होते.

अशा वेळी काय वाचवते? जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' हा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत पसरला. मुंबईजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्कचे टर्मिनलही त्यामुळे बंद पडले आणि मालाच्या गाड्या खोळंबल्या. (हा खंडणीखोराचे सोंग घेतलेला संहारक होता, पैसे दिले तरी किल्ली मिळणारच नव्हती.) कंपनीच्या सगळ्या जाळ्याचा नकाशा ठेवणारे मध्यवर्ती संगणक जगभर सुमारे दीडशे होते. ते एकमेकांच्या प्रती ठेवत. म्हणून वेगळी, जोडणीबाहेरची प्रत कोणी ठेवलीच नव्हती, आणि विषाणूने सगळे एकदम पुसले. एक सोडून. आफ्रिकेत घानामधल्या कार्यालयातील वीज हल्ल्याच्या आधी गेली होती, त्यामुळे तेथील संगणक जाळ्यापासून तुटलेला राहिला. तेथले इंटरनेट इतके संथ होते, की ती चकती शेवटी माणसांच्या हातून विमानाने इंग्लंडला न्यावी लागली, आणि तिच्यावरून सगळी कंपनी पुन्हा उभी राहिली.

भारनियमनाने कोणाचे इतके भले झाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या ऐकिवात नाही. पण मुद्दा तारेचा आहे. सतत जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. संगणकाला जे होते तेच तिलाही होते. निकालाची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या चकतीवर घ्यावी, ती काढून कपाटात ठेवावी, आणि आठवड्याला बदलावी. संशयित संगणकावरून प्रत घेताना फक्त आपल्या कागदांच्या फायली घ्याव्यात, कार्यक्रम आणि शॉर्टकट घेऊ नयेत. आणि खंडणीखोराची चिठ्ठी दिसत असेल तर कपाटातली प्रत त्या संगणकाला चुकूनही जोडू नये.

नंतरची आवराआवर

संगणक साफ झाला, किंवा दोन-तीन तास झगडूनही तो पुन्हा पुन्हा आजारी पडतो म्हणून विंडोज नव्याने घातली. (दुसरा पर्याय कमीपणाचा नाही. ज्यात एकदा चोर राहून गेला त्या घराची प्रत्येक फट तपासण्यापेक्षा ते कधी कधी सोपे जाते.) तरी काम उरते. पासवर्ड बदलायचे, आणि तेही दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण 'पासवर्ड विसरलो' म्हटले की बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या ईमेलवरच येतात. मग बँक, मग शाळेच्या कामाची खाती. पैसे गेल्याचे दिसले तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते. आणि पेनड्राइव्ह ज्या ज्या संगणकांना लागला त्या सर्वांना, छपाईच्या दुकानदारालाही, न रागावता कळवावे. एक यंत्र आजारी राहिले तर पुढच्या आठवड्यात वाकडा बाण परत तुमच्या दारात येईल.

वर्गासाठी एक छोटा प्रयोग. अँटिव्हायरस जागा आहे की नुसताच कोपऱ्यात बसला आहे, हे पाहण्यासाठी 'आयकार' या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक चाचणी-ओळ ठरवून दिली आहे. ती विषाणू नाही, कोणाचे काही बिघडवत नाही. पण सर्व प्रमुख अँटिव्हायरसनी तिला पाहताच ओरडायचे असे ठरलेले आहे. आयकारच्या संकेतस्थळावरून ती ओळ नोटपॅडमध्ये उतरवून मुलांना फाइल जतन करू द्या. फाइल जतन होता होताच अडवली गेली तर पहारेकरी जागा आहे. मग त्याच ओळीतले एक अक्षर बदलून पुन्हा जतन करायला सांगा. आता तो सहसा गप्प बसतो. का, हे मुलांनाच विचारा: अँटिव्हायरसच्या कामाची एक जुनी रीत, म्हणजे ओळखीच्या छायाचित्राशी चेहरा पडताळणे, आणि तिची मर्यादा, दोन्ही या एका अक्षरात सापडतात.